तुर्भे कट

साहेब, तुम्ही खोटं बोललात. एकदाच बोलला असतात तर मी गिळलं असतं, तीस वर्षं गिळतेच आहे. पण तुम्ही एका महिन्यात दोनदा बोललात आणि दुसऱ्या वेळी पहिल्या वेळचं विसरलात.

तुमचं नाव मी लिहिणार नाही, कारखान्याचंही नाही. आम्ही तुम्हाला साहेब म्हणायचो, वाचणाऱ्यांनीही साहेबच म्हणावं. माझं नाव मात्र लिहिते. मी उज्वला. १९९६ साली तुर्भ्याच्या एमआयडीसीत तुमच्या कॅसेटच्या कारखान्यात चेकर होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर रखमा बसायची. तिला तुम्ही ‘कामावर झोपते’ असा शेरा मारून हाकललंत. ती झोपली नव्हती. हे तुमच्या तोंडून, लोकांसमोर निघावं, एवढंच मला पाहिजे.

आमचं काम होतं ऐकायचं. हे सांगितलं की आजही लोक हसतात. बारा मुली ओळीत बसायच्या, कानावर हेडफोन. लाइनवरून दर शंभरावी कॅसेट आमच्या टेबलावर यायची. दोन्ही बाजू ऐकायच्या आणि काही खोट असली तर पिवळ्या चिठ्ठीवर लिहायची. आवाज बसका. मध्ये खरखर. डावा कान बंद. चिठ्ठ्या संध्याकाळी तुमच्या काचेच्या केबिनमध्ये जायच्या. आम्ही सगळ्या साताऱ्याकडच्या, कुणाचा बाप मार्केटात बोजे उचलणारा, कुणाचा भाऊ. इंग्रजी दहावी नापास होण्यापुरतंच यायचं.

त्या वर्षी विलायतेच्या बँडची मोठी ऑर्डर आली. वेट मॅचेस. निळं कव्हर, त्यावर चार पांढरीफटक पोरं भिंतीला टेकून उभी, ओल्या कोटात, जणू कुणी आठवडाभर जेवायला घातलेलं नाही. स्टोअरमधल्या नंदकुमारने नावाचा अर्थ सांगितला, तेव्हापासून आमच्यासाठी त्या ओल्या काड्या. “आली गं तुझी ओली काडी,” असं म्हणत कॅसेट पुढे सरकवायची. गाणाऱ्याचा आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा. पहिला आठवडा आम्ही त्याला शिव्या दिल्या. आठ तास तेच रडगाणं, दुसरं काही नाही. दुसऱ्या आठवड्यात डबा खाताना एक जण गुणगुणायला लागली. तिसऱ्या आठवड्यात बाराही जणी.

शब्द एकच कळायचा, सॉरी. अ बाजूचं शेवटचं गाणं होतं, त्यात तो अकरा वेळा सॉरी म्हणायचा. आम्ही बोटांवर मोजायचो. अकरावं सॉरी झालं की गिटार हळूहळू खाली यायची, आता संपलं असं वाटायचं, आणि मग तो माणूस हसायचा. चौदा सेकंद. खोकत, दम लागेपर्यंत, एखाद्याला फसवून आल्यासारखा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून मागे बघितलं होतं.

मला ते हसणं घाण वाटायचं. रखमाला आवडायचं. ती म्हणायची, “ह्योच एक खरा माणूस हाय बघ. माफी मागून झाल्यावर सगळीच हसत्यात, घरी जाऊन. ह्यो तितंच हसतुया.” रखमा एकोणीस वर्षांची होती. हे तिला त्या वयात कुठून कळलं देव जाणे.

आता कापाकापीचं सांगते. आज टीशर्ट घालून फिरणाऱ्यांना ते माहीत नाही.

कॅसेटमध्ये टेप भरायची ती मोठ्या चाकावरून. चाकावर तीच तीच गाणी एकामागे एक भरलेली असतात, आणि प्रत्येक प्रतीच्या शेवटी एक जाड घरघर असते. मशीनला ती घरघर लागली की ते टेप कापतं. घरघर कुठे टाकायची हे तुमच्या केबिनमध्ये ठरायचं. या बँडची अ बाजू ब बाजूपेक्षा अडतीस सेकंदांनी लांब होती. म्हणजे प्रत्येक कॅसेटमागे अडतीस सेकंद टेप ब बाजूला रिकामी फिरणार. तुम्हाला ते बघवलं नाही. एका मंगळवारी तुम्ही घरघर अडतीस सेकंद अलीकडे घेतलीत. त्या दिवसापासून कॅसेट अकराव्या सॉरीवर संपायला लागली. हसणं गेलं.

बारा जणींपैकी चिठ्ठी लिहिली एकीने. रखमाने. मला तिचे शब्द पाठ आहेत: ‘अ बाजू, शेवटचं गाणं, हसणं नाही.’

दुसऱ्या दिवशी तुम्ही चिठ्ठी हातात नाचवत लाइनवर आलात. “हसणं नाही म्हणे! काय गं, तुला इथे हसायला ठेवलंय?” आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. तुम्हाला आवडावं म्हणून जरा जास्तच हसले.

तिने दुसऱ्या दिवशी परत तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी परत. मी तिला म्हटलं, “रखमे, गप बस ना, तुझ्या बापाचं काय जातंय?” ती म्हणाली, “मला ऐकायला ठिवलंय. जे ऐकू येत न्हाई ते लिवायचं.” सहा दिवस, सहा चिठ्ठ्या.

मग माल दुकानांत गेला. तिथून महिन्याभराने विलायतेच्या कंपनीचा कुणीतरी मुंबईत आला, त्याने कॅसेट ऐकली आणि बोंब झाली. गाणं अर्धवट कसं? तुमच्या वरचा साहेब तुर्भ्याला आला. तुम्हाला घरघर सरकवायला कुणी सांगितलं नव्हतं, ते तुमच्याच डोक्यातून निघालेलं. तुम्हाला एक मान पाहिजे होती, सुरी फिरवायला. रखमाची बारीक होती, लगेच हातात आली.

चिठ्ठ्या गायब झाल्या. कागद तयार झाला: सदर चेकर दुसऱ्या पाळीत कामावर झोपलेली आढळली, त्यामुळे दोष लक्षात आला नाही. खाली साक्षीदाराची सही.

ती सही माझी आहे.

तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत, बसायला सांगितलंत. चेकरला केबिनमध्ये बसायला सांगितलेलं तोपर्यंत कुणी बघितलं नव्हतं. म्हणालात, “उज्वला, पुढच्या महिन्यात दोघींना कायम करायचंय. आता एकच जागा भरायची राहिली, कळतंय ना?” मला कळलं. मला कायम व्हायचं होतं. मी सही केली, पेन तुमचंच होतं. कुणी माझा हात धरला नव्हता, घरात कुणी उपाशी मरत नव्हतं. हे मी लिहून ठेवते, कारण उद्या कुणीतरी माझ्यासाठी रडायला बसेल. नका रडू.

रखमाला तुम्ही सगळ्यांसमोर काढलंत. लाइन थांबवून. कागद मोठ्याने वाचलात. ती म्हणाली, “मी जागी हुते, साहेब. सा येळा लिवलंय.” तुम्ही म्हणालात, “कुठे आहे लिहिलेलं? दाखव.” मग ती माझ्याकडे बघायला लागली. मी कॅसेट उलटी करून ब बाजू लावली.

माझा हेडफोन त्याच आठवड्यात बदलून मिळाला. नवा, मऊ गादीचा.

रखमाचं लग्न ठरलेलं होतं. पोरगा तिच्याच गावाकडचा, मार्केटात कामाला. कारखान्याचा कागद त्यांच्या घरापर्यंत गेला, कसा गेला ते मला माहीत नाही. पोराची आई म्हणाली, कामावर झोपणारी पोरगी संसारात काय जागणार. मोडलं. वर्षभराने नावड्याच्या एका बिजवराशी लावून दिलं. तिथे तळोज्याच्या केमिकलचे रिकामे ड्रम धुवायचं काम. त्या कामाला कुणी कागद विचारत नाही. चौदा वर्षं तिने ड्रम धुतले.

आणि मी ऐकत राहिले. पुढे कॅसेटी गेल्या, कारखाना बंद पडला, तुम्ही कुठल्या कुठे गेलात. वेट मॅचेस मी कधी लावलं नाही. पण मॉलमध्ये, रिक्षात कुठे कानावर पडलं तर पाय थांबायचे. बोटं आपोआप मोजायला लागायची. खोटं कशाला बोलू, आनंद व्हायचा. त्या पांढऱ्या पोराच्या सर्दट आवाजात माझं एकविसावं वर्ष आहे, पहिला पगार आहे, बारा जणींचे डबे आहेत. आणि त्याच आवाजात रखमाही आहे. गाणं संपलं की तोंड कडू व्हायचं.

माझी पोरगी तेजश्री ऐरोलीला आयटीत आहे. गेल्या महिन्यात ती म्हणाली, “आई, तुझ्या ओल्या काड्यांचा कार्यक्रम आहे आमच्या आयटी पार्कच्या ऑडिटोरियममध्ये. इंडियन कॅसेटला तीस वर्षं झाली म्हणून. ज्याने ती कॅसेट इथे काढली तो माणूस येणार आहे. चल ना, तूपण त्याच कंपनीत होतीस ना?” मला वाटलं वरचा कुणी येणार. गेले.

रविवार संध्याकाळ. एसी एवढा की पदर घट्ट ओढून बसले. हॉलभर पन्नाशीची माणसं, पोटावर ताणलेले काळे टीशर्ट, मागे टक्कल, पुढे चष्मा. बँकेतले, आयटीतले, कुणाकुणाची सुटीवर आलेली एनआरआय भावंडं. एकमेकांना मिठ्या मारत होते, डोळ्यांत पाणी. मला हसू आलं. हे ऐकताना यांना काय दुःख होतं म्हणे? आम्ही दिवसाला आठ तास ऐकायचो, मान धरायची, रडायला कुणाला वेळ होता?

आणि टीशर्टवर पाठीमागे काय लिहिलेलं? ‘तुर्भे कट’.

मी तेजश्रीला विचारलं, हे काय. ती म्हणाली, “अगं ती लेजंड आहे. इंडियन कॅसेटमध्ये शेवटचं गाणं कापलेलं होतं ना, सॉरीवरच. मग इथले लोक तसंच गातात. तिथे आले की सगळे एकदम गप होतात. त्याला तुर्भे कट म्हणतात.” आणि हळूच म्हणाली, “कूल आहे ना?”

मग तुम्ही स्टेजवर आलात. केस पांढरे, मानेमागे बांधलेली शेंडी, पायात लाल बूट. मी तुम्हाला चालीवरून ओळखलं. लाइनवर यायचात तसेच आलात, टाचा आपटत.

गाणं लावलं, अस्सल विलायती प्रत. सगळा हॉल गायला लागला. तेजश्रीने मोबाइलवर अर्थ काढून माझ्यापुढे धरला, तीस वर्षांनी मला पहिल्यांदा कळलं काय चाललंय ते. तो कारखान्यातल्या एका मुलीला सांगतो, बॅग भरून बसस्टॉपवर ये, तुला घेऊन जातो. ती येते. तो येत नाही. मग तो तिच्या बॅगेची माफी मागतो, छत्रीची मागतो, बसच्या कंडक्टरची मागतो, तिची सोडून सगळ्यांची. मला तेव्हा वाटायचं आईची मागतोय. साला. त्याच्या गळ्यात हात घालावा की गळा धरावा, काही कळेना.

अकरावं सॉरी आलं आणि तीनशे माणसं एका दमात गप झाली. वर नुसती गिटार खाली येत राहिली. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना, त्यांच्या घशातच ती घरघर बसली होती, साहेब. तुमची घरघर. मग वरून स्पीकरमधून तो हसला, चौदा सेकंद. पुढच्या रांगेतल्या एका बाईने कानांवर हात ठेवले.

निवेदकाने तुम्हाला विचारलं, “सर, हा कट झाला कसा?”

तुम्ही माइक ओठांपाशी नेलात आणि डोळे बारीक केलेत. “अरे मजा सांगतो. आमच्याकडे लाइनवर गावाकडच्या पोरी होत्या. इंग्लिशचा गंध नाही. एक पोरगी चेकिंगला बसायची आणि मस्त घोरायची! सॉरी ऐकलं की तिला वाटायचं, झालं, माणूस माफी मागून घरी गेला, आपणही झोपू या.” हॉल फुटला हसून. “हजारो कॅसेटी गेल्या बाहेर, मॅडम आपल्या स्वप्नात. सो, लेडीज अँड जंटलमन, तुर्भे कट इज ॲक्चुअली तुर्भे नॅप!”

माझी पोरगीसुद्धा हसली. तिचा काय दोष? तुम्ही सांगता छान.

प्रश्नांना माइक फिरला तेव्हा मी उभी राहिले. “साहेब, त्या मुलीचं नाव काय होतं?”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ओळखलं नाहीत. “नाव कुठलं आठवतंय मावशी, तीस वर्षं झाली! राजाबाई, रखमाबाई, असंच काहीतरी असणार. त्यांची नावं अशीच असायची ना.” परत हशा. तेजश्रीने माझा पदर ओढला, “आई, बस ना, प्लीज.” मी बसले. मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. सवय, दुसरं काय. तुमच्यासमोर गप बसायची सवयही तीस वर्षं जुनी.

आता दुसरं खोटं.

दहा दिवसांनी त्या गाणाऱ्याने विलायतेतून व्हिडिओ टाकला. त्यांचा बँड परत जमलाय, आपल्याकडे येत्या शनिवारी नेरुळच्या मैदानात कार्यक्रम आहे. म्हातारा झालाय तो. गाल लोंबतायत, सर्दी मात्र तशीच. तेजश्रीने मला एकेक वाक्य सांगितलं. तो म्हणाला, माझ्या त्या गाण्यातलं हसणं नीच होतं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि एका खऱ्या मुलीला हसत होतो. ऐरोलीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग बघितलं, तीनशे लोक हसण्याच्या आधी थांबले. त्यांनी माझं गाणं माझ्यापेक्षा चांगलं संपवलं. या दौऱ्यात आम्हीही तिथेच थांबणार. ज्या कुणी ते कापलं त्याला मला भेटायचंय, स्टेजवर बोलावून त्याचे आभार मानायचेत.

दुसऱ्याच दिवशी, साहेब, तुमची मुलाखत. मी चारदा ऐकली, ऐकायचंच काम केलंय मी. तुमचे शब्द: “खरं सांगायचं तर तो माझा आर्टिस्टिक डिसिजन होता. ते हसणं मला खटकत होतं. मी विचारपूर्वक, स्वतःच्या हाताने तो एंड काढला. तेव्हा कुणाला कळलं नाही, आज बँडलाच कळलं.”

घोरणारी पोरगी कुठे गेली? दहा दिवसांपूर्वी तर ती सगळ्या हॉलला हसवत होती.

मी तेजश्रीकडून तुमचा नंबर काढला आणि फोन केला. आठवतंय ना? नसेल तर लोकांसाठी परत लिहिते.

“मी उज्वला. तुर्भे, चेकिंग.”

“अरे उज्वला! कशी आहेस? काय ते दिवस यार!”

“रखमाला झोपते म्हणून काढलंत. आता म्हणता तुम्हीच कापलं. मग ती झोपली कशी?”

मग आवाज बदलला, केबिनमधला झाला. “उज्वला, झोपली होती असं मी कुठे म्हणालो? साक्षीदार कोण होतं? सही कुणाची आहे कागदावर? उगाच जुनं उकरू नकोस, तुझ्याच अंगावर येईल. मुलगी चांगल्या ठिकाणी आहे ना तुझी?” आणि मग परत गोड. “ऐक, शोला ये. दोन व्हीआयपी पास पाठवतो. पहिली रांग. एंजॉय कर.”

पास खरंच आले मोबाइलवर. ते घेऊन मी नावड्याला गेले.

तीस वर्षांत एकदाही गेले नव्हते. पत्ता नंदकुमारने दिला. कॉलनीच्या मागे, पत्र्याचं घर, दारात निळे ड्रम अर्धे कापून त्यात अळू आणि ओवा लावलेला. रखमा उंबऱ्यात मेथी निवडत होती. हातांवर कोपरापर्यंत पांढरे डाग, जशी कुणी कातडी खरवडून काढलीय.

“कोण हाय?”

“मी उज्वला.”

“कंची उज्वला?” मान वर न करता म्हणाली. तिला कळलं होतं. “बस. खुर्ची न्हाई. तितं पोतं हाय, तुझ्या बापानंच उचाललं आसंल कवातरी.”

मी पोत्यावर बसले आणि सगळं सांगितलं, ऐरोली, टीशर्ट, घोरणं, व्हिडिओ, मुलाखत, मोबाइलवर आलेले पास, आणि हे सगळं लिहून लोकांसमोर ठेवणार आहे तेही. ती देठ खुडत राहिली. मग म्हणाली, “गाणं लाव. पुरतं लाव.”

मी मोबाइल तिच्या कानाशी धरला. ती हलली नाही. अकरावं सॉरी झालं, गिटार खाली गेली, तो हसला. रखमाने डोळे मिटले.

“हाय अजून,” ती म्हणाली. “मला वाटलं माज्या डोस्क्यातच हुतं का काय.”

“आता काढणार आहे तो. म्हणतो नीच होतं.”

“मंग त्यो बी साहेबच झाला.” तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. “पोरगी बसली बसस्टॉपवर, आणि ह्यो म्हातारपणी हसणं पुसून देवमाणूस व्हनार. त्या पोरीला इचारलं का?”

मला राहवलं नाही. “रखमे, मी चुकले.”

“एक,” ती म्हणाली.

“काय?”

“त्यानं अकरा येळा म्हटलंय. तुजी धा ऱ्हायली. म्हण की, मला काय घाई न्हाई.”

मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती. तिने मला अकरा वेळा म्हणायला लावलं. मध्ये थांबले की म्हणायची, “पाच झाली.” नवव्याला शेजारची बाई दारात येऊन बघायला लागली, रखमा तिला म्हणाली, “काय न्हाई गं, आमच्या कारखान्यातली हाय, मोजमाप चाललंय.” अकरा झाली. मेथी निवडून संपली होती.

“आता?” मी विचारलं.

“आता काय? त्येला निदान हसू आलं. मला तेबी येईना.” ती उठली, देठ ड्रममध्ये टाकले. “सही करताना माज्याकडं बघितलं हुतंस का?”

“नाही.”

“बघायचं हुतंस. मी जागीच हुते.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. निघताना तिने मला थांबवलं. “नाव घाल माजं त्या कागदात. रखमाबाई, राजाबाई न्हाई, नुसतं रखमा. आणि त्या मेल्याला एकच इचार. झोपंत कुणी सा चिठ्ठ्या लिवतं का?” मग पासाकडे बोट केलं. “त्यातला एक मला ठिव. पुढं बसायचंय मला.”

तर साहेब, हे आता सगळ्यांसमोर आहे. सही माझी आहे आणि ती खोटी आहे. माझ्यावर काय यायचं ते येऊ दे. मुलीच्या नोकरीची भीती तुम्ही घातलीत, मुलीला मी सगळं वाचून दाखवलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने हे टाइप करून दिलं.

तुमच्या दोन गोष्टींतली एकच खरी असू शकते. तुम्ही स्वतःच्या हाताने कापलं असेल, तर हसणं गेल्याचं त्या कारखान्यात एकटीनेच लिहून कळवलं, आणि तुम्ही तिला बहिरी ठरवलंत. ती घोरत असेल, तर कापणारे तुम्ही नव्हतात, आणि शनिवारी स्टेजवर हार घ्यायला तुमचं काही काम नाही. तिसरी वाट शोधू नका. शेरा तुमच्या हाताचा आहे, मुलाखत तुमच्या तोंडची आहे.

शनिवारी नेरुळला ते तुम्हाला वर बोलावतील. गाणं होईल, सगळं मैदान अकराव्या सॉरीवर गप होईल. पुढे काही वाजणार नाही, त्यानेच काढून टाकलंय. पहिल्या रांगेत, तुम्हीच दिलेल्या पासवर, पांढऱ्या डागांच्या हातांची एक बाई बसलेली असेल. माइक तुमच्या हातात असेल. तिच्याकडे बघा आणि सांगा. आर्ट नको, मजा नको, जुने दिवस नकोत.

रखमा जागी होती की झोपली होती?

बोला.